डिस्चार्ज कार्ड नक्की कुणासाठी लिहितात? दवाखान्यांनी काय बदलायला हवं?

ओसरी
बरेच दिवस इथं नुसती वाचतेय, आज लिहायलाच बसले कारण डोक्यातून जातच नाहीये.

माझे वडील, आबा, वय ७१, सातारा जिल्ह्यात गावी असतात. दम्याचा जुना त्रास, दिवाळीनंतर वाढला म्हणून शहरातल्या एका हॉस्पिटलात पाच दिवस ॲडमिट होते. उपचार चांगले झाले, त्याबद्दल काही म्हणणं नाही. घरी सोडताना तीन पानी डिस्चार्ज कार्ड दिलं, गोळ्या दिल्या, आणि ती पावडर ओढायची कॅप्सूल आणि तिचं ते छोटं मशीन. भाऊ होता सोबत, त्यानं सही केली, बिल भरलं, आबांना गावी सोडलं आणि तो परत नोकरीवर गेला.

तीन आठवड्यांनी आईचा फोन, परत धाप लागतेय, रात्री उशाला दोन उशा घेऊन बसून काढतात. मी पुण्याहून गेले. औषधं वेळेवर घेताय ना विचारलं तर म्हणाले एकही चुकवलेली नाही, आणि खरंच नव्हती, रिकामी पाकिटंसुद्धा जपून ठेवलेली. म्हटलं आत्ताची घ्या माझ्यासमोर. आबांनी कॅप्सूल काढली, तांब्यातलं पाणी घेतलं आणि गिळली. मशीन कपाटात, वेष्टनसुद्धा काढलेलं नाही. कारण काय तर 'ते महागाचं आहे, जास्त त्रास झाला तर वापरायचं' असं त्यांना वाटलेलं. एकवीस दिवस, दिवसाला दोन, फुप्फुसात जायचं औषध पोटात.

परत दाखवायला गेलो तर तिथले ज्युनिअर डॉक्टर आबांना म्हणाले, सांगितलं होतं ना तुम्हाला, कळत कसं नाही. आबांनी मान खाली घातली. हा माणूस ३४ वर्षं एसटीत कंडक्टर होता. तिकिटाची पेटी, वे-बिल, दिवसाअखेर पैशापैशाचा हिशोब, कधी एक मेमो नाही. रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. त्यांना कळत नाही असं नाहीये हो, त्यांना कळेल असं कुणी सांगितलंच नाही. कार्ड अख्खं इंग्रजीत, त्यात औषधाचं नाव, पुढे १-०-१, झालं. 'ओढायची आहे, गिळायची नाही' हे तीन पानांत कुठंच नाही.

मला भांडायचं नाहीये. मला विचारायचंय की दवाखान्यांनी नक्की काय केलं तर हे टळेल? या क्षेत्रातल्या लोकांनी प्लीज लिहा.

रात्रपाळी
ओसरी ताई, वाचून वाईट वाटलं पण आश्चर्य नाही वाटलं. मी चौदा वर्षं स्टाफ नर्स आहे, मेडिसिन वॉर्ड. कॅप्सूल गिळणारे पेशंट आम्ही दर महिन्याला बघतो, आणि त्यात शिकलेले पण असतात. कॅप्सूल दिसते गोळीसारखी, मिळते गोळीसारख्या पाकिटात, लिहिलेली असते गोळ्यांच्या यादीत, मग माणूस गिळणारच.

डिस्चार्जच्या दिवशी काय होतं ते सांगते. सकाळी राउंडला 'आज घरी' म्हणतात. मग फाईल खाली जाते, कॅशलेसचं अप्रूव्हल यायला दुपारचे चार वाजतात, नातेवाईक बिलासाठी वरखाली करून दमलेले, बाहेर गाडी ताटकळलेली, पेशंटचं लक्ष कधी एकदा घरी जातो याकडे. त्यात आम्ही हातात पिशवी देऊन तीन मिनिटांत सगळं सांगतो, आणि ते पण जो समोर उभा असेल त्याला. तो असतो मुलगा किंवा जावई. घरी औषध देणारी असते सून किंवा बायको, ती बिचारी खाली बाकावर डबे आवरत असते. म्हणजे ऐकणारा एक आणि करणारा दुसरा.

आमच्या वॉर्डात सिस्टर इनचार्जनी हे बदलवलं, कुठला मोठा प्रोजेक्ट वगैरे नाही. ॲडमिशनच्या दुसऱ्याच दिवशी विचारायचं, घरी औषध कोण देतं? ज्याचं नाव येईल त्याला भेटीच्या वेळेत बोलवायचं. मशीन असेल, इन्सुलिन असेल, ड्रेसिंग असेल तर रोज एकदा त्यांच्याच हातानं करून घ्यायचं, आपण फक्त बघायचं. पाच दिवस ॲडमिट म्हणजे पाच वेळा होतं, शेवटच्या दिवशी नवीन काही सांगायला उरतच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'समजलं का?' हा प्रश्न आम्ही बंद केला. याला प्रत्येक जण 'हो' म्हणतो. पांढऱ्या कोटासमोर नाही म्हणायचा धीर कुणाला होतो? आम्ही म्हणतो, 'काकू, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, उद्या सकाळी उठल्यावर पहिली गोळी कुठली घेणार, काढून दाखवा बरं.' चुकलं तर चूक आमच्या सांगण्याची, परत सांगायचं. सुरुवातीला नव्या मुलींना वाटायचं यात फार वेळ जातो. पेशंटमागे दोन-तीन मिनिटं जास्त जातात, खरं आहे. पण तोच पेशंट आठ दिवसांनी रात्री दोन वाजता परत कॅज्युअल्टीत आला तर किती वेळ जातो?

इन्सुलिनचं तर लिहायलाच हवं. आपल्याकडे बाटली बहुतेक ४० ची असते, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. तिची सिरिंज लाल टोपणाची. १०० ची सिरिंज केशरी टोपणाची. मेडिकलमधून घाईत कुठलीही दिली जाते. २० युनिट सांगितलेत आणि ४० च्या बाटलीतून केशरी सिरिंजनं २० च्या रेघेपर्यंत भरलं तर पोटात जातात फक्त ८. उलट झालं, म्हणजे १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजनं २० पर्यंत ओढलं, तर जातात ५०. शुगर एकदम खाली, माणूस झोपेतच जायचा. हे कार्डवर कुठं लिहिलेलं असतं सांगा. आम्ही आता बाटलीवर पण लाल चिकटपट्टी लावून देतो, लालला लाल, एवढंच लक्षात ठेवा.

पाणंद
सगळं मान्य पण थोडं वेगळं मत मांडतो. पेशंटची काहीच जबाबदारी नाही का? मोबाईल घेताना आपण दहा प्रश्न विचारतो, औषधाबद्दल एक विचारत नाही. आता तर प्रत्येकाच्या हातात फोन आहे, औषधाचं नाव टाकलं की व्हिडिओ येतात, मराठीत सुद्धा. डॉक्टरांना ओपीडीत दीडशे पेशंट असतील तर ते कुणाकुणाला समजावत बसणार?

धुळपाटी
पाणंद, मोबाईल घेताना आपण धडधाकट असतो. माझ्या मिस्टरांना अटॅक आला तेव्हा मी एमए झालेली बाई, मला डॉक्टर काय बोलले त्यातलं फक्त 'ब्लॉकेज' आणि 'सही करा' एवढंच आठवतं. रात्रीचे अडीच, समोर चार पानी छापील संमतीपत्र, बारीक इंग्रजी अक्षर. मी कुठं सही केली तेही बघितलं नाही. त्या वेळेला माझं शिक्षण शून्य होतं. म्हणून पेशंट शिकलेला की न शिकलेला हे बघूच नये, सगळ्यांनाच सोपं करून सांगावं.

आणि व्हिडिओचं म्हणाल तर माझ्या जावेनं एका व्हिडिओवरून थायरॉइडची गोळी बंद करून काढे सुरू केले होते, चार महिने.

तालुक्याचा_डॉक्टर
मी बालरोगतज्ज्ञ, तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना. दीडशे पेशंटवाली गोष्ट खरी आहे, पावसाळ्यात माझ्याकडे पण जातात शंभरच्या वर. तरी पाणंद यांच्याशी सहमत नाही, कारण चूक कुठं होते ते मी रोज टेबलाच्या अलीकडून बघतो.

ओआरएसचं घ्या. जुलाबाचं बाळ, आई म्हणते पुडी देतेय दोन दिवस. कशी देतेय? ग्लासभर पाण्यात दोन चमचे टाकून, उरलेली पुडी चिमटा लावून ठेवलेली. मोठी पुडी अख्खी एक लिटर पाण्यात टाकायची असते, थोडी थोडी टाकली की क्षारांचं प्रमाण बिघडतं, फार दाट झालं तर बाळाला अपायच होतो. पाकिटावर लिहिलेलं असतं हो, पण इतकं बारीक की मलाच चष्मा वर करून वाचायला लागतं. आणि गावातल्या घरात 'एक लिटर' म्हणजे काय? तांब्या किती लिटरचा, कुणाला माहीत? मी टेबलावर लिटरची पाण्याची बाटली ठेवली, जी एसटी स्टँडवर मिळते ती. आईनं माझ्यासमोर पुडी फोडून त्यात टाकायची, हलवायची, बाळाला पहिला चमचा इथंच पाजायचा. मग घरी जायचं. चोवीस तासांत उरलं तर ओतून द्यायचं हे पण तेव्हाच सांगतो. हे करायला लागल्यापासून सलाइनची वेळ कमी पोरांवर येते, माझ्या वहीतला अनुभव आहे, संशोधन नाही.

आणि खोक्यातलं गोड पेय 'ओआरएस' म्हणून विकलं जायचं, त्यात साखर भरमसाट. हैदराबादच्या एक बालरोगतज्ज्ञ बाई त्यासाठी वर्षानुवर्षं भांडल्या, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं असं नाव वापरायला मनाई केली. पण आयांना अजून कुणी सांगितलंय का? हे सांगायचं काम आमच्यासारख्या दवाखान्यांचंच आहे.

अजून एक, तापाचं औषध. थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली, औषध एकच पॅरासिटामॉल. थेंबांत साधारण एका मिलीला १०० मिग्रॅ, १२० च्या सिरपमध्ये ५ मिलीला १२०. म्हणजे थेंब चौपट तेज. मोठ्या बहिणीचं '५ मिली' डोक्यात असतं आणि तान्ह्याला थेंबांच्या बाटलीतून चमचाभर दिलं जातं. त्यात घरातला चमचा कुठला, चहाचा का पोह्यांचा? आता मी चमचा हा शब्दच वापरत नाही. बाटलीसोबतच्या मापावर किंवा सिरिंजवर पेननं रेघ मारून देतो, 'या रेघेपर्यंत'.

कंपाउंडर आणि रिसेप्शनवरची मुलगी या दोघांनाही हे शिकवलंय. लोक मला विचारत नाहीत, बाहेर त्यांना विचारतात.

मोहफूल
धागा वाचून गडचिरोलीतले दिवस आठवले, काही वर्षं तिकडं आरोग्याच्या कामात होते. तिथल्या 'सर्च' या संस्थेचं उदाहरण इथं यायलाच हवं. डॉ. अभय आणि राणी बंग १९८६ पासून तिथं आहेत. आदिवासी लोक दवाखान्यात येत का नाहीत, हे त्यांनी लोकांनाच विचारलं. उत्तरं काय आली तर मोठ्या इमारतीची भीती वाटते, तुमची भाषा कळत नाही, आमच्या माणसांना सोबत राहू देत नाही. मग शोधग्रामला, म्हणजे संस्थेच्या आवारात, दवाखाना बांधला तो गावासारखा, झोपड्या-झोपड्यांचा, नातेवाईक सोबत राहतील असा, आणि नाव लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. म्हणजे लोकांना दवाखाना समजावत बसण्याआधी दवाखान्यानं लोकांना समजून घेतलं.

दुसरी गोष्ट मला त्याहून आवडते. न्यूमोनिया ओळखायला बाळाचे श्वास मिनिटभर मोजायचे असतात, तान्ह्याचे साठच्या वर गेले तर धोका. गावातल्या दायांना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं की या बायकांना नाही जमणार. इथं त्यांच्यासाठी मण्यांचं साधन केलं, सोबत मिनिटाची वाळूची घडी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की पुरे.

जामखेडलाही तेच. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० ला काम सुरू केलं, गावोगावच्या बायका, कितीतरी जणी निरक्षर, त्यांना आरोग्य सेविका केलं. गावच्या बाईनं गावच्या भाषेत सांगितलेलं पटतं. आज ७० हजारांच्या आसपास आशाताई आहेत राज्यात, पण हॉस्पिटलातून पेशंट सुटला की त्याच्या गावच्या आशाताईला कुणी कळवतं का? ओसरी, तुमच्या आबांच्या घरी चौथ्या दिवशी आशाताई गेली असती आणि म्हणाली असती 'घ्या बरं माझ्यासमोर', तर तिथंच कळलं असतं.

जिना_तिसरा
पाट्यांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मामीला घेऊन एका मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो होतो. रक्त तपासायला सांगितलं. मामी चौथी शिकलेली, पाट्या वाचता येतात, वाचत वाचत चालली होती, 'विकृतीशास्त्र विभाग' समोरून दोनदा गेली, थांबली नाही. तीच रक्त तपासायची जागा होती. मराठीतच होती पाटी! बाह्यरुग्ण, क्ष-किरण, शल्यचिकित्सा, असं कोण बोलतं? माणसं म्हणतात ओपीडी, एक्सरे, ऑपरेशन. नुसतं मराठीत लिहून भागत नाही, बोलतो ती मराठी पाहिजे. 'रक्त-लघवी तपासणी' लिहा आणि खाली रक्ताच्या थेंबाचं चित्र काढा.

तिथं शेवटी आम्हाला वाट दाखवली ती झाडू मारणाऱ्या मावशींनी. वॉर्डबॉय मामा आणि सफाईच्या मावशी यांना सगळ्यात जास्त विचारलं जातं, आणि प्रशिक्षण देताना त्यांना कुणी बोलवत नाही.

सरकारी उपचारांच्या फुले योजनेचे आरोग्यमित्र असतात काउंटरला, ते चांगले भेटले की अर्धं काम होतं. पण ते योजनेच्या कागदांपुरते. तसाच एखादा माणूस औषधं समजवायला बसवायला काय हरकत आहे?

मेडिकल_स्टोअर
मी फार्मासिस्ट. २०१६ पासून नियम आहे की डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं. येतात तशा चिठ्ठ्या, पण अजून अशाही येतात की फोन करून विचारावं लागतं.

आमच्याकडून होणारी चूक आधी सांगतो. दहाची स्ट्रिप कापून सहा गोळ्या देतो, तेव्हा नाव आणि एक्स्पायरी दुसऱ्या तुकड्यावर राहते. पेशंटला घरी रंगावरून ओळखावं लागतं, 'ती गुलाबी बीपीची'. पुढच्या महिन्यात कंपनी बदलली की गुलाबी जाऊन पांढरी येते, मग माणूस जुनी गुलाबी पण घेतो आणि नवी पांढरी पण. एकच औषध दुप्पट, चक्कर येऊन पडतात. यावर उपाय म्हणून मी पाकिटावर मोठ्या अक्षरात 'बीपी' आणि सूर्य किंवा चंद्र काढतो, आणि जुन्या गोळ्या घेऊन या म्हणतो, पिशवी उलटी करून बघतो.

आणि मेथोट्रेक्सेट, संधिवाताला देतात, आठवड्यातून एकदाच. ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. 'आठवड्यातून एक' एवढं सांगून भागत नाही. मी वार ठरवून देतो, त्यांच्या गावचा बाजाराचा वार. 'बाजाराच्या दिवशी एक, बाकी दिवस हात लावायचा नाही.' वेगळ्या पाकिटात, बाकीच्या औषधांत मिसळत नाही.

सातासमुद्र
अमेरिकेतून लिहितेय. सासूबाई इकडं आलेल्या असताना गॉल ब्लॅडरचं ऑपरेशन करावं लागलं. मी म्हटलं मी सांगते त्यांना मराठीत, तर नर्सनं नम्रपणे नाही म्हटलं आणि फोनवर मराठी दुभाषी लावून दिला. मला आधी राग आला, नंतर पटलं. सासूबाईंनी त्या परक्या बाईला पोट साफ न होण्यापासून सगळं सांगितलं जे त्या सुनेला कधी बोलल्या नसत्या. आणि मी पण 'काळजीचं काही नाही' असं गाळून गाळून सांगत होते हे माझं मलाच कळलं. इथं लहान मुलांना दुभाषी म्हणून वापरायला तर कायद्यानंच मनाई आहे, फक्त अगदी इमर्जन्सी सोडून.

सगळं गोड नाहीये, घरी जाताना चौदा पानं इंग्रजीच हातात दिली. पण विचार बदललाय. २०१२ मध्ये इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या एका गटानं लोकांना समजेल अशी माहिती देणाऱ्या आरोग्य संस्थेत काय काय असावं याची दहा लक्षणं मांडली, आणि २०२० मध्ये सरकारी आरोग्य उद्दिष्टांत स्पष्ट लिहिलं की माहिती समजणं ही व्यक्तीपुरती गोष्ट नाही, ती सापडेल आणि वापरता येईल अशी देणं हे संस्थेचं पण काम. रात्रपाळी ज्या पद्धतीनं विचारतात ना, 'करून दाखवा', ते इथं नर्सिंगला शिकवतात.

रात्रपाळी
सातासमुद्र, अगदी. आपल्याकडेही कागदावर बरंच आहे. हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या नियमांमध्ये पेशंटचे हक्क आणि शिक्षण असं स्वतंत्र प्रकरणच आहे, २०२१ पासून राज्यात नर्सिंग होमना हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. संमतीबद्दल सुप्रीम कोर्टाचा २००८ चा निकाल आहे, तपासणीपुरती दिलेली संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे. पण इन्स्पेक्शन असलं की 'पेशंट एज्युकेशन झाले' या रकान्यात टिक आहे का बघतात. त्या रकान्यात टिक करायच्या ऐवजी पेशंटनं स्वतः काय सांगितलं ते एक ओळ लिहायला लावा, मग बघा.

धुळपाटी ताई, तुमचं रात्री अडीचचं वाचून मन भरून आलं. इमर्जन्सीत सगळं सांगता येत नाही हे खरं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी बसून 'काल काय झालं, का केलं' हे सांगायला हवं ना. ते कुणाच्याच ड्युटीत लिहिलेलं नाही.

आणि 'रिपोर्ट पॉझिटिव्ह' ऐकून खूश झालेले पेशंट मी बघितलेत. पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं, असंच वाटतं. 'जंतू सापडले' म्हणावं सरळ.

पाणंद
मी वर लिहिलं होतं त्यावर विचार केला. काल आईची औषधं घेऊन बसलो, म्हटलं दाखव. बीपीची गोळी ती 'बीपी वाढल्यासारखं वाटलं की' घेते. दोन वर्षं. डॉक्टरांनी एकदाही विचारलं नाही आणि मीही नाही. एवढंच सांगायचं होतं.

ओसरी
दीड महिन्यानं परत येतेय, सगळ्यांचे मनापासून आभार.

रात्रपाळींचं लिहिलेलं प्रिंट काढून मी त्याच हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरांना भेटले. तक्रार म्हणून नाही, आबा काय गिळत होते ते सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि छाती विभागाच्या सिस्टरना बोलावून घेतलं. आता वॉर्डात एक मोकळं मशीन आणि रिकाम्या कॅप्सूल ठेवल्यात सरावाला. एक चिठ्ठी छापायचं चाललंय, त्याचा मसुदा त्यांनी आबांना वाचायला दिला, मला नाही. आबांनी पेन मागितलं. 'श्वासावाटे घेणे' खोडून 'तोंडानं जोरात ओढा' केलं. 'मुखप्रक्षालन' खोडून 'चूळ भरा' केलं. आता चिठ्ठी अशी आहे:

ही कॅप्सूल गिळायची नाही. मशीनमध्ये घाला, फिरवा. आधी श्वास बाहेर सोडा. मग तोंडात धरून जोरात ओढा. दहा अंक मोजेपर्यंत श्वास धरा. आत पावडर उरली असेल तर परत ओढा. शेवटी चूळ भरा, पाणी थुंकून टाका. बरं वाटलं तरी बंद करू नका.

वरच्या कोपऱ्यात पाण्याच्या ग्लासावर फुली मारलेलं चित्र, ती पण आबांचीच सूचना.

तालुक्याचा_डॉक्टर
माझ्याकडे येणाऱ्या आजोबांसाठी वापरू का हीच चिठ्ठी? अक्षर जरा मोठं करतो.

ओसरी
वापरा की. आबांना सांगते, त्यांना बरं वाटेल.

मोहफूल
मला पण पाठवा. गडचिरोलीतल्या एका मैत्रिणीला तिकडच्या माडिया बोलीत करून मागते, पण आधी दोन-तीन म्हाताऱ्यांना वाचून दाखवून बघू, 'जोरात ओढा'ला ते काय म्हणतात ते.